धारेची निगा

धारदार हत्यार धोक्याचे आणि बोथट हत्यार सुरक्षित, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. घरात लहान मूल असो वा वृद्ध माणूस, त्याच्या हाती द्यायची सुरी आपण मुद्दाम जरा बोथटच निवडतो. वैद्यकीय व्यवसायातील पंचवीस-तीस वर्षांत हाताच्या जखमा शिवताना मला मात्र निराळेच ऐकायला मिळत आले आहे. ‘धार नव्हती म्हणून जोर लावला आणि सुरी सटकली,’ हे वाक्य माझ्या टेबलासमोर बसून कितीतरी रुग्णांनी उच्चारले आहे.

या अनुभवामागचे कारण मला नीट उलगडले ते एका शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात. आमच्या तालुक्याच्या गावातील या शाळेत आठवीपासून पुढच्या मुलामुलींना आठवड्यातून दोन तास सुतारकाम शिकवतात आणि वर्षारंभी प्रथमोपचाराविषयी बोलण्यासाठी मला बोलावतात. हाताने काम करता करता शिकावे, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असे सुचवलेले आहे. या शाळेत तो कारागीर दर शनिवारी सकाळी स्वतःच्या पायांनी चालत येतो. शहात्तर वर्षांचे हे निवृत्त सुतार मुलांचे ‘अण्णा’ आहेत. वर्गातील पटाश्या, रंधे आणि करवती यांची धार राखण्याचे काम त्यांच्याकडे आहे.

अण्णांचा नियम असा, की ज्याला धार लावता येत नाही त्याने लाकडाला हात लावायचा नाही. पहिले तीन-चार तास मुले केवळ धारच लावतात. पटाशीचा उतार साधारण पंचवीस अंशांचा असतो आणि अगदी टोकाची धार तीस अंशांच्या आसपास धरतात. दगडावर तेलाचे दोन थेंब टाकून तो उतार सपाट टेकवायचा, उजव्या हाताने दांडा धरायचा, डाव्या हाताची दोन बोटे पात्यावर ठेवून बेताचा दाब द्यायचा आणि कोन न बदलता पाते मागेपुढे न्यायचे. थोड्या वेळाने मागच्या बाजूला केसाहूनही बारीक अशी एक कड उलटते. ती लागली, म्हणजे धार टोकापर्यंत पोहोचली. मग पाते उलटून त्याची पाठ दगडावर पूर्ण सपाट ठेवायची आणि चार-दोन हात फिरवून ती कड काढून टाकायची. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावरून पाते मागे ओढून घ्यायचे.

धार तपासण्यासाठी ते मुलांना बोट लावू देत नाहीत. पाते उजेडात धरायला सांगतात. बोथट कडेवर उजेड पडला की एक पांढरी रेघ चमकते, कारण तिथे प्रकाश परतवण्याइतकी जाडी उरलेली असते. धार आली की ती रेघ दिसेनाशी होते. करवतीचे तंत्र वेगळे आहे. ती दोन लाकडी पट्ट्यांमध्ये घालून शेगड्यात आवळतात आणि तिकोनी कानशीने एकाआड एक दाता घासतात. मग करवत फिरवून उरलेले दाते घासतात. दाते आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किंचित वळवलेले असतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही. ग्राइंडरवर ही कामे झटपट होतील असे मुलांना वाटते. परंतु तिथे पाते तापून निळे पडले, की पोलादाचे पाणी उतरते आणि मग धार टिकत नाही, हेही अण्णा त्यांना दाखवून देतात.

हे सारे पाहताना मला हातांच्या जखमांचा उलगडा होत गेला. पाते बोथट असले की लाकूड कापले जाण्याऐवजी रेटले जाते. माणूस खांदा आणि अंगाचे वजन मागे लावतो. लाकडाने एकदम वाट दिली, की तो सगळा जोर क्षणात मोकळा होतो आणि हात आवरता येत नाही. पुढे काय असते, तर लाकूड धरलेला दुसरा हात. उजव्या हाताने काम करणाऱ्याची जखम म्हणूनच बहुधा डाव्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी किंवा तर्जनीवर असते. शिवाय बोथट पात्याने कातडी फाटते, चेचली जाते; अशी जखम स्वच्छ कापलेल्या जखमेपेक्षा उशिरा भरते आणि तिच्यात पू होण्याची शक्यताही अधिक असते. धारदार पाते निरुपद्रवी असते, असा याचा अर्थ नव्हे. तेही शीर, नस किंवा स्नायूबंध सहज कापू शकते. पण ते कमी जोरात चालते आणि कमी जोर आपल्या ताब्यात राहतो. पात्याच्या पुढे हात आणायचा नाही, हा अण्णांचा दुसरा नियम याच्या जोडीला असला म्हणजे झाले.

गेल्या वर्षी अण्णांचा मुलगा त्यांना घेऊन दवाखान्यात आला. दोन वर्षांपूर्वी अण्णांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि रक्त पातळ ठेवणारी एक गोळी चालू होती. मधुमेह होता, हाताला थोडा कंपही येऊ लागला होता. ‘डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना. बोट कापले तर रक्त थांबायचे नाही. हत्यारांची पेटी मी माळ्यावर ठेवून दिली आहे,’ असे मुलगा म्हणाला. त्याची काळजी खरी होती. अण्णा खाली पाहत बसून होते. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, शनिवारी मुले वाट बघतील.’

मी आधी त्यांचे हात तपासले. डोळे मिटायला सांगून बोटांना कापूस आणि टोकदार वस्तू लावून पाहिली. स्पर्श शाबूत होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्याने जवळचे चष्म्याने नीट दिसत होते. कंप हात पुढे धरला की वाढत होता आणि मांडीवर विसावला की थांबत होता. हालचाल मंदावणे, स्नायू ताठरणे अशी कंपवाताची इतर लक्षणेही नव्हती. हाताची पकडही बरी होती. मग दगडावर दोन्ही हात टेकवून पाते फिरवल्यासारखे करून दाखवायला सांगितले. टेकलेल्या हातांत कंप जवळजवळ नव्हताच.

तिघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. ग्राइंडर अण्णांनी चालवायचा नाही. पटाशी आणि रंध्याचे पाते दगडावर, बसून, भरपूर उजेडात लावायचे. करवतीच्या दात्यांना कानस मुलांनी मारायची आणि अण्णांनी शेजारी बसून पाहायचे. न्याहारी केल्याशिवाय जायचे नाही, म्हणजे रक्तातील साखर उतरून हात थरथरणार नाहीत. दर सहा महिन्यांनी हात तपासून घ्यायचे आणि स्पर्श कमी झाला किंवा कंप वाढला, तर मी सांगेन त्या दिवशी दगडही मुलांच्या हाती द्यायचा. ही शेवटची अट अण्णांनी सर्वांत आधी मान्य केली. पेटी माळ्यावरून खाली आली.

वृद्धांची काळजी घेणाऱ्या कुटुंबांना मला हेच सुचवायचे आहे. वृद्धाच्या हातून विळी, सुरी, खुरपे, अडकित्ता काढून घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: हात आणि धार. संधिवाताने अंगठ्याचे मूळ दुखत असते, तेव्हा बोथट विळीवर रेटा दिल्याने ते आणखी दुखते. आईला भाजी चिरणे जमेनासे झाले आहे असे आपण समजतो आणि पाते मात्र वर्षभर कुणी पाहिलेले नसते. सायकलीवर चाक बसवून दारोदार फिरणारा धारवाला आला, तर त्याला थांबवा. दांडा जाड आणि न घसरणारा असावा, पाट हलू नये, उजेड डाव्या-उजव्या अंगाने पडावा. बोटांना बधिरपणा असेल, नजर फार अधू असेल, विसराळूपणा वाढला असेल किंवा कंप आवरत नसेल, तर मात्र हत्यार दूर ठेवणेच योग्य. तेव्हाही शेंगा सोलणे, भाजी निवडणे यांसारखे दुसरे काम हाती द्यावे.

आणि कापलेच, तर स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा आणि दहा मिनिटे फडके उचलून पाहू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी वेळ लागेल. पण ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हळद, चहाची पूड, कॉफी जखमेत भरू नका. वाहत्या पाण्याने जखम धुवा. वीस मिनिटे दाबूनही रक्त वाहत राहिले, बोट वाकत नसेल, पुढचा भाग बधिर वाटत असेल किंवा जखम उघडी राहत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली नसेल, तर त्याची आठवण करून द्या. जखम मळकी असेल, तर पाच वर्षांपूर्वीची मात्राही पुरेशी मानत नाहीत.

गेल्या महिन्यातील तपासणीत अण्णांचा कंप किंचित वाढलेला आढळला. ठरल्याप्रमाणे दगड आता नववीतल्या दोन मुलींकडे गेला आहे. अण्णा खिडकीपाशी बसतात, मुलींनी आणून दिलेले प्रत्येक पाते उजेडात धरतात आणि पांढरी रेघ दिसली, की काही न बोलता परत करतात.