पोरगी नेमकं करते तरी काय?

पुणे

सौ. वहिनींस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वन्सं, दोन वर्षं एवढी फी भरून शिकली, आता दिवसभर एक्सेल उघडून बसते. पोरगी नेमकं करते तरी काय?" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही. पण मी स्वतः वीसेक वर्षं एका कंपनीच्या पर्चेस खात्यात काढली आहेत आणि तुमची लेक ज्या खुर्चीत बसते त्या खुर्चीतल्या माणसांशी मनसोक्त भांडलेही आहे. म्हणून सविस्तर लिहिते. सुरुवात तुमच्या कराडच्या दुकानापासूनच करते, कारण तिच्या कामाचं एक टोक तिथे आहे.

दर आठवड्याला तुमच्याकडे सेल्समन येतो. तुम्ही फळीवर नजर टाकता, मनाशी काही हिशेब करता आणि सांगता, भाजणीची एक पेटी, गुलाबजाम मिक्सच्या दोन. तो मोबाईलवर टिपून घेतो आणि माल एक-दोन दिवसांत स्टॉकिस्टकडून येतो. स्टॉकिस्ट डेपोतून उचलतो, डेपोला कारखान्यातून येतो. इथवर सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पण कारखान्याला दूध पावडर, डाळ, पुठ्ठा आणि छापील पाऊच तुमच्या ऑर्डरीच्या कितीतरी आधी मागवावं लागतं. पाऊचचा छापणारा "उद्या द्या" म्हटल्यावर हसतो. म्हणजे दिवाळीला तुमच्या फळीवर काय असेल, हे कुणीतरी श्रावणातच ठरवून मोकळं व्हायला हवं. ते काम कंपनीत डिमांड प्लॅनर करतो, म्हणजे तुमची लेक. कोणता माल, कोणत्या डेपोत, कोणत्या महिन्यात किती लागेल, एवढाच त्याचा प्रश्न. आणि माल म्हणजे नुसता गुलाबजाम मिक्स नव्हे. लहान पाकीट एक, मोठं पाकीट दुसरं, एकावर एक फुकट लिहिलेलं तिसरं. प्रत्येकाचा आकडा वेगळा धरायचा. मध्यम कंपनीतही असे शेकडो 'एसकेयू' असतात, त्यांना डेपोंच्या संख्येने गुणा.

सकाळी ऑफिसात गेल्यावर लेक पहिल्यांदा काय पाहत असेल, तर शून्यं. समजा, नागपूर डेपोच्या रकान्यात मेतकुटाची दहा दिवसांची विक्री शून्य आहे. त्याचे दोन अर्थ निघतात. कुणी मेतकूट मागितलंच नाही, किंवा मागणारे होते पण डेपोत मालच नव्हता. कॉम्प्युटरला दोन्ही शून्यं सारखीच. त्याने पहिला अर्थ धरला, तर पुढच्या महिन्याचा अंदाज तो खाली ओढतो, अंदाज खाली आला की माल कमी जातो, आणि माल कमी गेला की विक्री आणखी घटते. चांगला खपणारा माल असा कागदावर मरत जातो. म्हणून ती डेपोला फोन लावते. तिकडून उत्तर येतं, "मॅडम, गाडी आलीच नाही. पार्ट्या रोज विचारताहेत." मग ती त्या दहा दिवसांच्या जागी अंदाजे किती खपलं असतं तो आकडा भरते आणि शेजारी कारण लिहून ठेवते. दिवसाचा निम्मा वेळ या असल्या साफसफाईत जातो. बाहेरच्याला ती नुसते आकडे खालीवर करतेय असं वाटेल, पण या कामातला जाणता माणूस मी तरी यावरूनच ओळखते. विक्री म्हणजे मागणी नव्हे, हे त्याला झोपेतही माहीत असतं.

आता महिनाअखेर आठवा. सेल्समन काउंटरवर टेकून म्हणतो, "वहिनी, टार्गेट अडलंय, चार पेट्या जास्त घ्या, स्कीम लावून देतो." तुम्ही घेता. कंपनीच्या पुस्तकात चार पेट्या विकल्या गेल्या, पण गिऱ्हाइकाच्या घरी एकही गेली नाही, तुमच्या माळ्यावर गेली. कंपनीने स्टॉकिस्टला विकलं ती प्रायमरी, स्टॉकिस्टने तुम्हाला विकलं ती सेकंडरी, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला दिलं तो खरा खप. लेकीला यांतला पहिला आकडा लख्ख दिसतो, दुसरा बराचसा आणि तिसरा जवळजवळ दिसतच नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला त्याच्या आधीचा जून महिना आठवतो? जुन्या मालावरच्या कराचं काय होणार या धास्तीने देशभरच्या व्यापाऱ्यांनी गोदामं रिकामी करत आणली, कंपन्यांकडून उचल थांबवली. साबण-टूथपेस्टच्या कंपन्यांचे त्या काळातले आकडे पडले. म्हणून लोकांनी आंघोळ सोडली होती का? तो जून जसाच्या तसा धरून ज्याने पुढचा अंदाज काढला असेल, त्याच्याकडे जुलै-ऑगस्टात मालाची बोंब झाली असणार.

आणि टंचाईत तुम्ही काय करता, तेही सांगू? दोन पेट्या मागितल्या की एकच येते हे एकदा कळलं, की पुढच्या वेळी तुम्ही चार सांगता. सगळे दुकानदार तेच करतात, त्यावर स्टॉकिस्ट आपली भर घालतो, डेपो त्याची. कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर दोनाचे दहा झालेले असतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला लहान मुलांच्या डायपरच्या बाबतीत हा प्रकार लक्षात आला. बाळं काही एका महिन्यात दुप्पट आणि दुसऱ्यात निम्मी डायपर वापरत नाहीत, तरी वरच्या पायऱ्यांवर ऑर्डरी भलत्याच हेलकावत होत्या. आसुडाच्या मुठीला जरा हिसका दिला की टोक केवढं फिरतं, तसंच. स्टॅनफर्डच्या हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली या आसुडाची कारणं नीट मांडली. त्यांत स्कीम होती, साठवून एकदम दिलेल्या ऑर्डरी होत्या आणि टंचाईत फुगवलेली मागणीही होती. तुमच्या काउंटरवरचीच सगळी. पुढे 2001 साली अमेरिकेतल्या सिस्को या बलाढ्य कंपनीला फुगलेल्या ऑर्डरींवर विसंबून जमवलेला सुमारे 225 कोटी डॉलरचा माल हिशेबातून काढून टाकावा लागला. तेव्हा चाराच्या जागी दोनच सांगितल्यात तर लेकीवर उपकार होतील.

तुम्हाला सगळ्यात आवडेल तो भाग म्हणजे पंचांग. तिच्या टेबलाशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे आणि ते शोभेसाठी नाही. कॉम्प्युटर महिने ओळखतो ते जानेवारी-फेब्रुवारी, आपलं गिऱ्हाईक चालतं तिथीवर. 2022 साली लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, 2023 साली ते 12 नोव्हेंबरला गेलं. फराळाची खरेदी तेवढीच झाली, फक्त एकोणीस दिवस पुढे सरकली. ऑक्टोबरशेजारी ऑक्टोबर ठेवून पाहणाऱ्या साहेबाला मात्र धंदा बसल्यासारखा वाटतो, आणि नोव्हेंबर संपला की तोच साहेब पाठ थोपटून घेतो. लेक दोन्ही वर्षांत लक्ष्मीपूजनापासून उलटे आठवडे मोजते आणि आठवड्याशेजारी आठवडा ठेवते. यंदा, म्हणजे 2026 सालीही, तोच घोळ आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात झालेली दिवाळी यंदा 8 नोव्हेंबरवर गेलीय.

दिवाळी सरकते ती अधिक महिन्यामुळे, पण त्या महिन्याची स्वतःचीही एक गंमत आहे. अनारसे पिठाचा खप एरवी दिवाळीपुरता. पण अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि हल्ली घरी तांदूळ तीन दिवस भिजत घालणारे कितीसे उरलेत? त्यामुळे 2023 च्या जुलै-ऑगस्टात, अधिक श्रावणात, तयार पिठाचा खप वाढणारच होता. पुढे दोन वर्षं त्या महिन्यांत काही नाही. 2026 चा अधिक ज्येष्ठ आला 17 मे ते 15 जून. नुसत्या मशीनवर सोडलं असतं, तर त्याने मे महिन्यात काहीच मागवलं नसतं आणि 2023 आठवून जुलैत उगीच थोडं मागवून ठेवलं असतं. हे दुरुस्त करायला माणूसच लागतो, आणि तोही घरात धोंडे जेवण पाहिलेला. (2023 मधला आणखी एक पेच चिकन-अंडीवाल्यांचा. श्रावण दोन आले, मग लोक कोणता पाळणार? पहिला, दुसरा की दोन्ही? त्या कंपन्यांच्या प्लॅनरांची मला मनापासून दया आली होती.)

मशीन अगदीच बिनकामाचं आहे असं मात्र समजू नका. चार्ल्स होल्ट यांनी 1957 साली आणि त्यांचे विद्यार्थी पीटर विंटर्स यांनी 1960 साली बसवलेली रीत आजही बहुतेक सॉफ्टवेअरांत आहे. ताज्या महिन्यांना जास्त वजन द्यायचं, जुन्यांना कमी, चढ-उताराचा कल आणि हंगाम वेगळे काढायचे. स्पायरोस मक्रिडाकिस यांनी 1982 साली अंदाजाच्या पद्धतींची जाहीर स्पर्धाच लावली, तेव्हा साध्या पद्धती पुष्कळदा अवघड पद्धतींच्या तोडीस तोड ठरल्या. उलट नायकीने महागडी नवी प्रणाली बसवल्यावर न खपणारे बूट जास्त आणि खपणारे कमी बनले, आणि 2001 साली सुमारे दहा कोटी डॉलरच्या विक्रीला कात्री लागली. शेकडो मालांचा रोजचा, शांत खप मशीनने पाहावा आणि अनारसे तुमच्या लेकीने पाहावेत, हे बरं.

तिचा खरा कस महिन्याच्या बैठकीत लागतो. एका बाजूला सेल्स, दुसऱ्या बाजूला मार्केटिंग, कोपऱ्यात फायनान्स. मार्केटिंगला नवीन जाहिरातीने खप वाढणारच असतो. सेल्सवाला माल कमी पडेल या भीतीने आकडा वर सांगतो, आणि तोच आकडा आपलं टार्गेट होणार म्हटलं की पटकन खाली आणतो. फायनान्सला बजेटात लिहिलंय तेवढंच व्हायला हवं असतं. या तिघांच्या इच्छांमध्ये बसून "तुम्हाला किती विकायचंय ते मला कळलं, आता किती विकलं जाईल ते बोलू" असं म्हणायचं, तेही पंचविशीत आणि समोर पंधरा वर्षं मार्केट तुडवलेले लोक असताना. लँकेस्टर विद्यापीठातले रॉबर्ट फिल्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली चार कंपन्यांचे साठ हजारांवर अंदाज तपासले. माणसांनी मशीनच्या आकड्यात केलेले मोठे बदल बहुधा उपयोगी पडले होते, कारण त्यामागे काहीतरी ठोस बातमी होती. किरकोळ चिमटे मात्र पुष्कळदा नुकसानीचे ठरले, आणि आकडा वर नेणाऱ्या बदलांत अति-आशा भरलेली होती. तुमची लेक म्हणूनच बैठकीत प्रत्येकाला एकच विचारते, "वाढवायचं, पण कशाच्या जोरावर?" कारण सांगितलं तर ती लिहून घेते, नाही सांगितलं तर आकडा हलत नाही. त्यामुळे ती फारशी लाडकी नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण फोनवर ती कधी गप्प वाटली तर घरच्या कुणाचं काही लागलंय असा अर्थ काढू नका.

आणि एवढं करून आकडा चुकतोच. दर महिन्याला चुकतो. किती टक्के चुकला ते मोजून साहेबासमोर मांडायचंही असतं. पण चुकणं आणि चुकणं यांतही फरक आहे. कधी वर, कधी खाली चुकला तर सेफ्टी स्टॉक, म्हणजे हाताशी ठेवलेला जादा माल, ते सांभाळून घेतो. दर वेळी वरच चुकत असेल, तर कुणाची तरी इच्छा आकड्यात शिरलीय आणि गोदामात मुदत संपत चाललेला माल साचतोय. मोठी सुपरमार्केटं मुदतीचा बराचसा काळ उलटलेला माल दारातूनच परत पाठवतात. दर वेळी खालीच चुकत असेल तर तुमच्यासारख्यांच्या फळ्या रिकाम्या राहतात, गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीचं पाकीट उचलतं आणि त्याची नोंद कुठल्याच कॉम्प्युटरवर होत नाही. 2020 च्या लॉकडाऊननंतर तर प्लॅनर मंडळींना ते महिने इतिहासातून वेगळे काढावे लागले. ते तसेच ठेवले असते तर काही मालांना पुढल्या वर्षीच्या एप्रिलातही शून्य खप दिसला असता आणि सॅनिटायझरला डोंगराएवढा.

तर वहिनी, पोरगी हे करते. बँकेची परीक्षा देण्याचा विषय तूर्त तिच्यापुढे काढू नका, काम तिला जमतंय. आणि तिला खरंच मदत करायची असेल तर एक करा. काउंटरजवळ एक वही ठेवा. गिऱ्हाइकाने मागितलं आणि तुम्हाला "नाही" म्हणावं लागलं, की तारीख, माल आणि पाकिटाचा आकार एवढंच लिहा, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. दिवाळीपर्यंतची पानं झाली की फोटो काढून तिला पाठवा. असला आकडा तिला कुठल्याही सॉफ्टवेअरमधून मिळत नाही.

तुमची,
वन्सं