मद्य, मोटार आणि संयुक्त संस्थानें

परदेशीं गेलेल्या मुलांना आईबाप आहार, थंडी, पैसा यांविषयीं पुष्कळ सांगतात. तेथील दंडनीतीविषयीं मात्र कोणी चकार शब्द काढीत नाहीं. म्हणून आज हा विषय आम्ही घेत आहों.

अमेरिकेंत मद्य पिऊन मोटार हांकण्याविषयींचा कायदा संस्थानोसंस्थानीं निराळा. रक्तांत शेंकडा ०.०८ मद्यार्क ही मर्यादा जें संस्थान मानणार नाहीं, त्याच्या रस्त्यांच्या अनुदानाचा कांहीं भाग रोखूं, असें मध्यवर्ती सरकारनें २००० सालीं ठरविलें. आज्ञा न करतां आज्ञा पाळून घेण्याची ही युक्ति कौटिल्यासहि रुचली असती! सर्व संस्थानें मुकाट्यानें त्या मर्यादेवर आलीं. यूटानें तर २०१८ च्या डिसेंबरअखेर ती ०.०५ वर आणली. आपल्याकडील १९८८ च्या मोटार-कायद्याची मर्यादा ०.०३, म्हणजे त्याहूनहि कडक. पण येथें ती पाळतो कोण?

शिक्षेंत तर जमीन-अस्मानाचें अंतर. विस्कॉन्सिनमध्यें पहिला अपराध सामान्यतः फौजदारी गुन्हाच समजला जात नाहीं. दंड भरावा, परवाना कांहीं महिने गमवावा, झालें. ॲरिझोनांत पहिल्याच खेपेस दहा दिवस कैद. न्यायाधीश कितीहि दयाळू निघाला तरी एक दिवस कोठडींत काढावाच लागतो. शिवाय गाडीला असें यंत्र बसवितात कीं, हांकणाऱ्यानें फुंकर मारून आपल्या श्वासाची साक्ष दिल्याखेरीज एंजिन चालूच होत नाहीं. हें यंत्र आम्हांस मोठें समंजस वाटतें. स्मृतिकारांनीं सुरापान महापातकांत घातलें खरें, पण त्यांचा रोख पिणाऱ्याच्या पापावर. रस्त्यानें जाणाऱ्या परक्याच्या जिवाची काळजी या यंत्रानें वाहिली आहे.

आतां घरोघरच्या चिंतेची गोष्ट. संस्थान सौम्य असलें तरी व्हिसा त्याच्या हातीं नाहीं. या आरोपावरून नुसती अटक झाली तरी, निकाल लागण्यापूर्वींच, व्हिसा रद्द करण्याचें धोरण तेथील परराष्ट्रखात्यानें २०१५ सालीं स्वीकारलें. तेवढ्यानें लगेच देश सोडावा लागतोच असें नाहीं. पण बहिणीच्या लग्नास किंवा वडिलांच्या दुखण्यांत इकडे आलेल्या मुलास नव्या व्हिसावांचून परततां येत नाहीं. नोकरी, घराचें कर्ज, मुलांची शाळा सर्व तिकडे, आणि आपण इकडे! 'एकच पेला घेतला होता' हें उत्तर वकिलातींतील अधिकाऱ्यापुढें कितपत टिकेल?

मुलगा पितो कीं नाहीं, हें विचारण्याचा संकोच वाटत असेल तर विचारूं नये. मेजवानीहून परततांना भाड्याची गाडी कर, हवें तर भाडें आम्ही देऊं, एवढें सांगण्यास कसला संकोच?