सुकाणू कोणाच्या हाती?

भिवंडीत राहणाऱ्या माणसाने नौकाविहाराच्या गोष्टी कराव्या, हे ऐकून आपल्याला हसू येईल. आमच्या गावाची ख्याती यंत्रमागांच्या खडखडाटाबद्दल, गोदामांबद्दल आणि रस्त्यावर तासन्‌तास खोळंबणाऱ्या ट्रकांबद्दल! पण गेला वैशाख सरता सरता आमच्या घरात एकच विषय सुरू झाला. पुढच्या उन्हाळ्यात विलायतेला जायचे आणि तिथल्या कालव्यावर आठ दिवस बोट भाड्याने घेऊन राहायचे.

बोट म्हणजे केरळातल्यासारखी नव्हे. तिथे नावाडी असतो, आचारी असतो. आपण खुर्चीत बसून शहाळे प्यायचे. विलायतेत बोट आपल्या स्वाधीन करतात, चार गोष्टी समजावून सांगतात आणि काठावरून हात हलवून निरोप देतात. पुढे तांडेल आपण, खलाशी आपण आणि आचारीही आपणच. बोट हाकायला परवाना लागत नाही, हे चिरंजिवांनी जाहीर केले तेव्हा सौ.ने पहिला प्रश्न विचारला, "आणि बुडालो तर?"

"आई, पाणी बहुतेक ठिकाणी चारेक फूट खोल. उभी राहिलीस तरी पुरे."

त्या रात्री मी बारा वर्षांच्या ठेवीचा हिशेब काढला. विमान, व्हिसा, बोट, डिझेल. पैसे पुरत होते, पण एकदाच. असा प्रवास आमच्या आयुष्यात दुसऱ्यांदा होणार नव्हता.

या बोटींची मौज अशी, की त्यांची लांबी सत्तर फुटांपर्यंत असते, पण रुंदी जेमतेम सात फूट. अठराव्या शतकात कालवे खणले तेव्हा त्यांतली कित्येक लॉक सात फूट रुंदीची बांधली, म्हणून बोटीही तशाच अरुंद झाल्या. आत चाळीतल्या बोळासारखी एक वाट; तिच्या कडेने झोपायच्या फळ्या, गॅसची शेगडी, न्हाणीघर, सगळे बेतशीर. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. काठावरून चालणारा माणूस आपल्याशी गप्पा मारत येऊ शकतो. भाड्याची बोट अंधार पडल्यावर चालवायची नाही. संध्याकाळी काठावर लोखंडी खुंट्या ठोकायच्या आणि दोर बांधायचे. आमच्या देशात नि त्यांच्याही देशात गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने जाते, पण कालव्यावर समोरून बोट आली की आपण उजवीकडे सरायचे.

आणि लॉक म्हणजे काय? पाण्याचा जिना. दोन्ही टोकांना दारे असलेला एक दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, दारातल्या झडपा हँडलने फिरवून उघडायच्या. हौद भरतो, बोट आपोआप वर चढते. मग दाराच्या लांब तुळईला पाठ लावून ते ढकलायचे. उतरताना एकच भान ठेवायचे. वरच्या दाराशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. बोटीची मागली बाजू त्यावर अडकली आणि पुढले पाणी उतरत राहिले, तर बोट कलते आणि बुडूही शकते. तेव्हा चार फूट पाण्याचा भरवसा धरून हसण्यात अर्थ नाही.

आम्ही लँगॉलेनचा कालवा निवडला. इंग्लंडमधल्या एल्समीरहून निघायचे आणि वेल्समधल्या लँगॉलेनला पोचायचे. वीसेक मैलांच्या या वाटेवर लॉक दोनच! वाटेत पाँटकसल्टीचा जलसेतू लागतो. टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांनी तो १८०५ साली पुरा केला. अठरा दगडी खांब, त्यांवर हजार फूट लांबीचे बिडाचे पन्हळ आणि त्यातून १२६ फूट उंचीवर बोट चालते. एका बाजूला कठडा आहे, दुसरीकडे पन्हळाची कड आणि तिच्याखाली थेट दरी. सौ. म्हणाली, "त्या वेळी मी आत पोळ्या लाटीन."

मग चिरंजिवांनी कामांची यादी केली. काठावर उडी मारून दोर बांधणे: तो. लॉकची दारे: तो आणि सौ. स्वयंपाक: सौ. आणि मी. सुकाणू: मी. हे शेवटचे काम मी स्वतःसाठी राखून ठेवले होते, हे कबूल करायला हवे. यादीच्या तळाशी लिहिले होते, "अण्णा: आत्याकडे, कल्याणला."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८. गुडघे कुरकुरतात, पण प्रकृती ठणठणीत. कागद टेबलावर राहिला आणि त्यांनी तो वाचला. बोलले काहीच नाहीत. चष्मा पुसला, पंचांग काढले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तृतीयेला आपल्या खाडीत एक फेरी मारू. परदेशात बोट हाकणार, तर आधी इथे बसून बघा."

आमच्या आजोबांचा एक मचवा होता. त्या काळी भिवंडी हे बंदर होते. भात, सुकी मासळी, गवत, लाकूड यांची ने-आण पाण्यावरून चाले. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्याच खाडीवर मराठी आरमाराची सुरुवात झाली. कारण उघड आहे. उल्हास नदी कल्याणपाशी खाडी होते आणि वसईच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. भिवंडीची कामवारी त्याच खाडीत येते. हे सारे मी शाळेत पाठ केले होते. पण आजोबांच्या मचव्यावर लहानपणी अण्णांनी काय केले, हे मी कधी विचारले नव्हते.

"तृतीयाच का?" चिरंजिवांनी विचारले.

"तिथीची पाऊणपट कर. तीनची पाऊणपट सव्वादोन. बाराला शून्य धरले, तर सव्वादोनला मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेला बारा, अष्टमीला सहा. आपल्याकडे पाणी आत चढायला आणखी वेळ लागतो. भरतीबरोबर वर जायचे, पाणी फिरले की ओहोटीबरोबर खाली यायचे. तेल कमी जळते."

चिरंजिवांनी मोबाईलवर भरतीचे कोष्टक पाहिले. फार तर काही मिनिटांचा फरक. तो गप्प झाला.

काल्हेरच्या बाजूला ओळखीच्या एका कोळीदादांची होडी ठरवली. मागे लहानसे इंजिन, त्याचाच दांडा हे सुकाणू. मोठ्या ऐटीने मी तो हातात घेतला. विलायतेच्या बोटीचेही असेच असते: दांडा डावीकडे लोटला की नाळ उजवीकडे वळते. वाचून ठेवले होते. पण समोर खांब आला की हात मोटारीच्या सवयीने चालतो. पाच मिनिटांत आमची होडी तिवरांत शिरली. चिरंजिवांनी प्रयत्न केला, तेव्हा दुसऱ्या काठाच्या तिवरांची भेट झाली.

अण्णा पुढे बसले होते. कोळीदादांचा हात धरून ते मागे आले, दांडा बगलेशी घेतला आणि लांबवर कुठेतरी पाहू लागले. हात हलल्याचेही दिसत नव्हते. होडी सुतासारखी सरळ चालली. "जवळ बघायचे नाही," ते म्हणाले. "आत्ता वळवलेली होडी थोड्या वेळाने वळते. तेवढे आधी ओळखायचे."

पुढे एके ठिकाणी त्यांनी इंजिन बंद करायला लावले. पाण्यावर झेंडूचे निर्माल्य वर वर चालले होते; सोबत प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, हेही सांगायला हवे. खाडीची आम्ही आज जी दशा केली आहे, तिला नाक दाबावे लागते. ती झेंडूची माळ मंदावली, थांबली आणि हळूच समुद्राच्या दिशेने निघाली. "फिरले पाणी," अण्णा म्हणाले. सौ. किती तरी वेळ त्या माळेकडे पाहत होती.

घरी येताना आम्ही ट्रकांच्या रांगेत अडकलो. भिवंडीला कुणी कुणी भारताचे मँचेस्टर म्हणतात. त्या खऱ्या मँचेस्टरला १७६१ साली ब्रिजवॉटरच्या कालव्याने खाणीतला कोळसा पोचवला आणि तिथला कोळसा स्वस्त झाला. पुढे रेल्वे आणि लॉऱ्या आल्या, कालवे ओस पडले. लँगॉलेनचा कालवा तर १९४४ साली कायद्याने वाहतुकीतून बादच झाला होता. त्यातून पिण्याचे पाणी जात होते, म्हणून तो बुजला नाही. त्याच वर्षी रोल्ट नावाच्या गृहस्थांनी आपल्या कालव्यावरच्या बिऱ्हाडाचे पुस्तक प्रसिद्ध केले, १९४६ साली कालवाप्रेमींची संस्था निघाली, आणि हौशी माणसे सुट्टीत बोटी घेऊन जाऊ लागली. जिथे माणसे जातात-येतात, त्या पाण्याची कोणीतरी काळजी घेते. आमची खाडीही २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाली आहे. पण गावातली किती माणसे वर्षातून एकदा तरी तिच्या पाण्यावर बसतात? मी स्वतः त्या दिवशी पहिल्यांदा बसलो होतो.

रात्री चिरंजिवांनी यादीचा कागद फाडला आणि नवा लिहिला. सुकाणू: अण्णा, दिवसाला तीन तास, डॉक्टरांनी होकार दिला तर. बाकीचा वेळ: बाबा, अण्णांच्या देखरेखीखाली. आत्याला फोन करून मी सांगितले की अण्णा येत नाहीत. डॉक्टरांचा होकार पुढे आठवड्याभरात मिळाला. मात्र त्यांनी सुकाणूजवळ एक उंच स्टूल ठेवायला सांगितले आहे. तसे मिळेल का, ते बोटवाल्यांना विचारले आहे.

आता सामानाची यादी चालू आहे. उन्हाळा असला तरी स्वेटर आणि रेनकोट हवेतच. कुकर, डाळ, गोडा मसाला न्यायचा. तूप आणि पेढे नाहीत, कारण दुधाचे पदार्थ इथून तिकडे नेऊ देत नाहीत. तूप तिथेच घ्यायचे. संडासाची टाकी कोणी रिकामी करायची, यावर अजून एकमत नाही.

परवा अण्णांनी आपली पिशवी भरली. त्यात पंचांग पाहून चिरंजीव म्हणाला, "अण्णा, कालव्याला भरती-ओहोटी नसते. तिथे याचे काय काम?"

"असू दे," अण्णा म्हणाले. "पाणी फिरत नसेल, पण चंद्र तोच आहे ना?"