मुक्या जिवाचे देणे

नगर-मनमाड रस्त्यावरील राहाता हे पेरूच्या बागांसाठी ओळखले जाणारे गाव. तेथील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी तीन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, मांजरीचे एक पिल्लू आले. दुकानामागच्या रिकाम्या पोत्यांत ते शेठजींच्या नातीला सापडले होते. शेठजींनी एकच अट घातली : मांजर घरात राहील, पण तिच्याकडून उंदराची हिंसा होता कामा नये. म्हणून तिला दुकानात कधी उतरू दिले नाही. सकाळी दूध-पोळी, दुपारी साजूक तूप घातलेला वरणभात आणि सूर्यास्तापूर्वी पुन्हा दूध, असा तिचा नेम ठरला. घरातील माणसांच्या आधी तिची वाटी भरली जाई. आपल्या घरी जीवदया नांदते आहे, याचे सर्वांनाच समाधान होते.

दोन वर्षांनी ती ओळखीच्या खुर्चीवर धडकू लागली. भर उजेडातही तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसत. पशुवैद्यांनी डोळे तपासले आणि आहाराची चौकशी केली. सारे ऐकून ते म्हणाले, "शेठजी, तुम्ही हिचे पोट भरलेत, शरीर मात्र उपाशी राहिले."

मग त्यांनी कारण समजावून सांगितले. टॉरिन नावाचे एक द्रव्य दृष्टिपटलाला आणि हृदयाच्या स्नायूला लागते. माणूस ते आपल्या शरीरात तयार करतो, बहुतेक कुत्रीही करतात. मांजराला मात्र ते पुरेसे तयार करता येत नाही. मांस-मासळीतून ते मिळते. धान्यात आणि डाळींत ते जवळजवळ नसते आणि दुधातले प्रमाण मांजराची गरज भागवू शकत नाही. टॉरिन नसलेल्या आहारावर मांजराचे दृष्टिपटल झिजते, हे अमेरिकी संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डॉ. पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, याच उणिवेमुळे मांजराचे हृदय फुगून दुबळे होते. विशेष म्हणजे ती मांजरे बाजारात मिळणारे तयार खाद्य खात होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातील टॉरिन वाढवले आणि हा हृदयविकार पुष्कळ कमी झाला. टॉरिन दिल्यावर हृदय बहुधा सुधारते. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही.

गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते. मांजराला तेही जमत नाही. मांजर दोन-तीन दिवस काही न खाता राहिले, तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. स्थूल मांजराला हा धोका अधिक. माणसाच्या उपवासाचा नियम तिला लावता येत नाही, हे त्या दिवशी घरच्यांना प्रथमच उमगले.

कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. माणसाच्या सहवासात कुत्र्यामध्ये पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता लांडग्याहून कितीतरी वाढली, हे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दाखवले. नीट आखलेल्या शाकाहारावर कुत्रा चांगला राहू शकतो. मात्र नुसती दूध-पोळी त्यालाही पुरत नाही. प्रथिने, कॅल्शियम, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व यांचा मेळ बसवावा लागतो. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना विषारी असल्याने आपली स्वयंपाकघरे त्या बाबतीत निर्धोक ठरतात. परंतु लाडाने दिलेल्या मनुका आणि चॉकलेट कुत्र्याच्या जिवावर उठू शकतात.

त्या संध्याकाळी शेठजी स्थानकात प्रतिक्रमणाला बसले. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार त्यांनी आयुष्यभर म्हटले होते. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि पाचवा भत्तपाणविच्छेद, म्हणजे आश्रित जिवाचे अन्नपाणी तोडणे. हा पाचवा अतिचार आपल्या हातून घडणे शक्यच नाही, अशी त्यांची खात्री होती. आज तो शब्द त्यांच्या ओठांवर अडखळला. वाटी रोज भरलेली होती. पण त्या वाटीत तिला हवे ते नव्हते.

आपल्या समाजाला मुक्या जिवांची ही जबाबदारी नवी नाही. १८३२ मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. जीव वाचवणे ही पहिली पायरी होती. वाचवलेल्या जिवाला त्याच्या शरीराला मानवेल असे अन्न देणे ही त्यापुढची.

घरात दोन दिवस चर्चा चालली. ज्यांच्या घरी मांसाहार चालतो अशा कुटुंबाला मांजर द्यावी, असे सूनबाईंचे मत पडले. नातीने रडून घर डोक्यावर घेतले. पशुवैद्यांनी काहीच लपवले नाही. मांजर मुळात मांसाहारी प्राणी असून बहुसंख्य पशुवैद्य तिला तसाच आहार सुचवतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मात्र टॉरिन आज कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होते, त्यासाठी प्राणी मारावा लागत नाही. अशी द्रव्ये मोजून घातलेले शाकाहारी खाद्य मिळते. ते 'पूर्ण आहार' म्हणून प्रमाणित असावे, 'पूरक' नव्हे, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नये, असे त्यांनी बजावले.

शेठजींनी निर्णय दिला. प्रमाणित खाद्य सुरू करायचे आणि तपासण्या वेळेवर करायच्या. तिच्या शरीराला ते मानवले नाही, तर मन घट्ट करून तिला योग्य घरी पोहोचवायचे. "व्रत आपले आहे," ते म्हणाले, "त्याची किंमत तिने डोळ्यांनी मोजायची नाही." यापुढे घरात नवे मांजर आणायचे नाही, हेही ठरले.

पुण्यात केलेल्या सोनोग्राफीत हृदय थोडे वाढलेले दिसले होते. सहा महिन्यांनी ते बरेच सुधारले. डोळे मात्र सुधारले नाहीत. आता घरात खुर्च्या-टेबलांच्या जागा कोणी बदलत नाही. नात हाक मारते, तशी ती आवाजाच्या दिशेने येते.

दिवाळीत वह्या लिहिताना मुलाने मांजरीच्या खाद्याचा खर्च धर्मादाय खात्यात टाकला. शेठजींनी ती नोंद खोडली आणि स्वतःच्या हाताने रक्कम 'देणे' या सदराखाली लिहिली.