मुक्या उपग्रहाची हाक



2024 सालच्या उपवासकाळातील एक संध्याकाळ. बालाघाट येथे आमच्या मिशनच्या अंगणात क्रूसाच्या वाटेची भक्ती नुकतीच आटोपली होती. नागपुरास नोकरी करणारा आमच्या धर्मग्रामाचा एक तरुण सुट्टीवर आला होता. सरकारी परीक्षा देऊन त्याने हौशी रेडिओचा परवाना मिळविला आहे. या हौशी मंडळींना जगभर 'हॅम' म्हणतात. आपल्या यंत्रावरून ती देशोदेशींच्या अनोळखी माणसांशी बोलतात. मात्र त्यातून पैसा मिळविण्याची त्यांना मुभा नसते. नेपाळात शाळा काढणारे येशूसंघीय फादर मार्शल मोरान हेही याच मंडळींपैकी एक होते.

त्या तरुणाने माशाच्या काट्यासारखा दिसणारा एरियल आकाशाकडे धरला. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. आम्ही उठणार, तोच अगदी क्षीण असा 'टिक्-टिक्' आवाज आला.

"फादर, हा मेलेला उपग्रह बोलतो आहे," तो म्हणाला.

मग त्याने सारी हकीकत सांगितली. हॅम मंडळींनी बनविलेला पहिला उपग्रह 1961 सालच्या डिसेंबरात आकाशात गेला. आपल्या देशानेही 5 मे 2005 रोजी श्रीहरिकोट्याहून 'हॅमसॅट' नावाचा सुमारे 42 किलो वजनाचा उपग्रह त्यांच्यासाठी सोडला. एका डच विद्यार्थ्याने तयार केलेले यंत्रही त्यात होते. 2014 साली बॅटरी निकामी होऊन तो थांबला. परंतु आम्ही ऐकला तो 'ऑस्कर-7' होता. तो 1974 सालच्या नोव्हेंबरात सोडण्यात आला. 1981 साली त्याचीही बॅटरी बिघडली, आणि सर्वांनी त्याचे नाव सोडून दिले. पुढे 21 वर्षांनी, 2002 सालच्या जूनमध्ये, इंग्लंडमधील एका हौशी गृहस्थाच्या कानी त्याची हाक पडली! बिघडलेल्या बॅटरीतील दोष आपोआप सुटला होता, आणि सूर्यप्रकाश अंगावर पडताच तो पुन्हा बोलू लागला होता. पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो मुका होतो, उजेडात आला की पुन्हा बोलतो.

"ऐकणारा कोणी नसता तर, फादर, हा जिवंत आहे हे कळलेच नसते," तो तरुण सहज बोलून गेला.

आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. वैनगंगेपलीकडील एका वस्तीत आमच्या धर्मग्रामाचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांची पत्नी अत्यवस्थ असता त्यांनी आम्हास बोलावणे पाठविले होते. 'सकाळी जाऊ' म्हणून आम्ही थांबलो, आणि रुग्णाभ्यंगाविनाच त्या माउलीने देह ठेवला. त्या दिवसापासून हे गृहस्थ देवळात आले नाहीत. आम्ही एकदोनदा निरोप धाडला, आणि मग मनातल्या मनात त्यांचे नाव खोडून टाकले. चूक आमची, अन् मेलेले मात्र आम्ही त्यांना ठरविले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांच्या दारी गेलो. "बाबा, त्या रात्री आम्ही यायला हवे होते. आम्हाला क्षमा करा," एवढेच आम्ही बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग आत जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या आणला आणि म्हणाले, "बसा, फादर." भिंतीवर पत्नीच्या तसबिरीस तिची जपमाळ अडकविलेली होती. तिचे मणी झिजलेले होते. पण त्यांवर धूळ नव्हती.

ते अद्याप मिस्साला आलेले नाहीत. आम्ही दर महिन्यास जातो, बसतो आणि ऐकतो. कधी ते बोलतात, कधी बोलत नाहीत.

वाचकहो, तुमच्याही घराण्यात असे एखादे खोडलेले नाव असेल. पास्काचा सण येण्यापूर्वी त्या दारी एकदा जाऊन या. प्रकाश देणे प्रभूच्या हाती आहे. कान देणे मात्र आपल्या हाती आहे.