पाद्र्याचे घराणे, पुण्याचा रेसिडेंट आणि साष्टीचा कलेक्टर

१/ अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आज मुंबईची उपनगरे. १८५० साली मात्र ती साष्टीतली खेडी होती आणि ठाणे जिल्ह्यात मोडत. त्या जिल्ह्याच्या कलेक्टराचे नाव ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट. त्याचा आजोबा इंग्लंडातील एक पाद्री. त्या घराण्याविषयी हा धागा.

२/ सॉमरसेटमधील मॅलेट हे जुने जमीनदार घराणे. अशा घराण्यांत थोरल्या मुलाकडे जमीन जाई. धाकट्यांपैकी कोणी सैन्यात, कोणी चर्चमध्ये आपली सोय पाही. रेव्हरंड अलेक्झांडर मॅलेट हे कोम्ब फ्लोरी आणि मेडन न्यूटन या गावांचे धर्मगुरू. त्यांचा मुलगा चार्ल्स याने १७७० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरली.

३/ चार्ल्स मॅलेट पुढे पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट झाला. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी यांचा १७९० चा तह पुण्यात त्याच्याच हातून झाला. १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. पाद्र्याच्या मुलाने घराण्याची प्रतिष्ठा पुण्यात कमावली.

४/ त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने काढली. शनिवारवाड्यातल्या चित्रशाळेत गंगाराम तांबटासारखे कलावंत पाश्चात्त्य पद्धत शिकले. लेण्यांची चित्रे करण्याच्या कामात असतानाच १७९५ मध्ये वेल्स वारला.

५/ वेल्सने आणखी एक चित्र केले, अंबर कौरचे. ही मॅलेटची पुण्यातील सहचारिणी. तिला त्याच्यापासून मुले झाली. त्यांचा विवाह मात्र झाला नव्हता.

६/ मॅलेट १७९८ मध्ये मायदेशी परतला आणि पुढल्याच वर्षी त्याने वेल्सची कन्या सुझॅना हिच्याशी लग्न केले. त्यांना आठ मुलगे झाले. थोरला अलेक्झांडर राजदूत झाला, विल्यम आजोबांप्रमाणे पाद्री. आर्थर मुंबई सरकारच्या कौन्सिलात बसला. जॉर्ज १८५६ मध्ये इराणात बुशहरच्या लढाईत पडला. नातू एडवर्ड बर्लिनला ब्रिटिश राजदूत होता.

७/ आणि ह्यू ठाण्याचा कलेक्टर. मे १८५० मध्ये चौक गावाच्या बाजूने तो माथेरानचा डोंगर चढला आणि ‘माथेरानचा शोध’ त्याच्या नावे लागला. तेथल्या एका झऱ्यालाही मॅलेटचेच नाव आहे. ठाकूर, कातकरी, धनगर हे त्याच्या आधीपासून त्या डोंगरावर वावरत होते, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते.

८/ बॅरोनेटांच्या वंशावळीत केवळ विवाहातून झालेली अपत्ये नोंदली जातात. म्हणून सुझॅनाचे आठही मुलगे कागदोपत्री सापडतात आणि अंबर कौरची मुले त्या शाखेबाहेर राहतात. डोंगराचा शोध आणि घराण्याचा वंशवृक्ष, दोन्ही ठिकाणी एकच रीत दिसते : ज्याच्या हाती नोंदवही, त्याचेच पूर्वज इतिहासात.

९/ अंबर कौरच्या बाबतीत ही रीत थोडी चुकली. वंशावळीने तिला वगळले, पण वेल्सच्या चित्रामुळे तिचे नाव उरले. घराण्यांचा इतिहास वाचताना वंशवृक्षासोबत चित्रे आणि मृत्युपत्रेही पाहावीत ती याचसाठी.