फियाट, अण्णा आणि मूर्तिजापूरचा चहा

आमच्या अमरावतीच्या घरात सर्वांत अबोल अशी दोनच माणसे. एक आमचे अण्णा आणि दुसरी त्यांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. कंपनीने नाव पद्मिनी ठेवले, तरी आम्ही तिला फियाटच म्हणतो. आई गेल्यापासून अण्णा बोलेनासे झाले आणि गेल्या पावसाळ्यापासून फियाट. सकाळी किल्ली फिरवावी, तर बाई नुसते "टक्" म्हणून गप्प!

तीन महिन्यांत मी नवी बॅटरी घेतली, प्लग बदलले, स्टार्टर उघडून घेतला. आठ दिवस बरे जात, पुन्हा "टक्". शेवटी सौ. म्हणाली, "अहो, हिच्यावर खर्च करण्यापेक्षा मुलीच्या फीचे पाहा." अकोल्याच्या एका गृहस्थाने सुट्या भागांसाठी भंगाराच्या भावात गाडी घ्यायचे कबूल केले. दिवाळीपूर्वीचा रविवार ठरला. अण्णांना विचारले, तेव्हा त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे मी पाहिले नाही. निघताना मात्र ते पुढच्या सीटवर येऊन बसले.

बडनेरा मागे पडले आणि दोन्ही अंगांना काळी जमीन पसरली. सोयाबीन निघालेले, तूर फुलावर आलेली, पऱ्हाटीची बोंडे फुटू लागलेली. वऱ्हाड पाहावे ते याच दिवसांत. पुढे लोणीपासून मानापर्यंतचा रस्ता म्हणजे आम्हां वऱ्हाडकरांच्या कौतुकाचा विषय. जून २०२२ मध्ये इथे ७५ किलोमीटरचा सलग डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. अशा रस्त्यावर आमची बाई साठच्या चालीने गुणगुणत होती. चालू झाली की तिची काहीच तक्रार नसे!

मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. या गावाला जुन्या यंत्रांची कदर होती. इथूनच यवतमाळ आणि अचलपूरकडे शकुंतला ही चिमुकली गाडी जात असे. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. आता तिचे रूळ गवतात आहेत. अण्णा कप हातात धरून स्टेशनच्या दिशेला पाहत राहिले.

चहा झाला, किल्ली फिरवली. "टक्."

"काय झालं जी?" चहावाला आला. "बॅटरी गेली वाट्टे."

"नवी आहे हो!"

"मंग धक्का मारू का?"

चार पोरे जमली. दुसरा गिअर टाकून क्लच सोडताच इंजिन धडधडले. मी आनंदाने हात हलवून निघणार, तोच शेजारून आवाज आला, "बंद कर."

मला वाटले ऐकण्यात चूक झाली. मोठ्या मिनतवारीने लागलेली गाडी बंद करायची?

"बंद कर म्हणतो ना! धक्क्यानं लागली, म्हणजे पेट्रोल येते आहे आणि ठिणगीही पडते आहे. दुखणं स्टार्टरच्या वाटेवर आहे. अकोल्यात काय पुन्हा धक्का मारशील?"

वर्षभरात अण्णा एका दमात एवढे बोलले नव्हते. मी निमूटपणे किल्ली काढली.

ते खाली उतरले. "दिवे लाव. आता किल्ली फिरव." दिवे एकदम विझल्यासारखे झाले. "पाहिलंस? दिवे लख्ख राहिले असते, तर स्टार्टरवर किंवा त्याच्या स्विचवर संशय. असे बसले, म्हणजे बॅटरी रिकामी किंवा वाटेत कुठं तरी सांधा सैल. बॅटरी नवी आहे. मग राहिलं काय?"

मला चार वेळा किल्ली फिरवायला लावून त्यांनी बॉनेट उघडले आणि वैद्याने नाडी पाहावी तसे एकेका जोडावर बोट ठेवीत गेले. बॅटरीची दोन्ही टोके थंड. बॅटरीपासून गाडीच्या अंगाला जाणारी जाड पट्टी असते, तिला मेकॅनिक लोक अर्थिंग म्हणतात. तिच्या दुसऱ्या टोकाशी बोट थबकले. "हात लाव." जोड चांगलाच तापला होता.

"सांधा गंजला की वीज अडते, आणि अडली की तापते. दिव्यापुरती जाते, पण स्टार्टरला लागते शंभरांहून जास्त अँपिअर, तेवढी जात नाही."

चहावाल्याने पाना आणि पॉलिश पेपर आणून दिला. बोल्ट काढला, गंज घासला, धातू चकाकेपर्यंत पुसून पुन्हा आवळला. किल्ली फिरवली आणि फियाट पहिल्या हाकेला बोलली.

पुढच्या वाटेवर मला प्रवचनच मिळाले. स्टार्टर जोमाने फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर आधी ठिणगी पाहावी. निळी असेल तर ठीक, पिवळट असेल तर पॉइंट, कंडेन्सर तपासावा. मग पेट्रोल. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलाने जुने रबर फुगते, म्हणून पंपाचा पडदा आणि नळ्या पाहाव्यात. उन्हाळ्यात तापून अडली, तर पंपावर ओले फडके टाकून थांबावे. "आधी विचारावं, मग बदलावं. तू आधी बदलत गेलास."

बोरगाव मंजू गेले, अकोला आले. ते गृहस्थ वाट पाहत होते. त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन ऐकले आणि भाव आपणहून वाढवला. मी अण्णांकडे पाहिले. या वेळी नीट पाहिले.

"आम्ही बंद गाडी विकायला आणली होती," अण्णा शांतपणे म्हणाले. "ही चालू आहे." आणि जाऊन आपल्या जागेवर बसले.

त्या गृहस्थांची माफी मागून, मोर्णेचा पूल ओलांडून आम्ही अंधार पडता पडता अमरावतीला पोचलो. येताना गिलावडा बांधून घेतला. दारात गाडी पाहून सौ. थक्क झाली. "अहो, घेतली नाही का त्यांनी?"

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "सूनबाई, चहा टाक. सगळं सांगतो."

आणि खरोखर, रात्री दहापर्यंत ते सांगत होते.